मोत्यांच्या नदीकाठी

ग्वांगझोऊ हे नाव आता व्यापारी घरांत परके राहिलेले नाही. 1957 पासून तेथे भरत आलेल्या कॅन्टन फेअरला आपल्यातील कितीतरी जण जाऊन आले आहेत. परंतु नमुने पाहणे, दर ठरवणे आणि माल जहाजावर कधी चढेल याची खात्री करून घेणे, एवढ्यातच त्यांचा मुक्काम संपतो. शहरातून वाहणाऱ्या जूजियांगचा, म्हणजेच मोत्यांच्या नदीचा, परिचय हॉटेलच्या खिडकीतून होतो तेवढाच.

मुंबईच्या वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांचा एक गट दिवाळीच्या सुट्टीत तेथे गेला तो केवळ शहर पाहण्यासाठी. पहिले दोन दिवस सर्व पर्यटकांचे जातात तसेच गेले. सहाशे मीटर उंचीचा कॅन्टन टॉवर झाला, युएश्यू उद्यानातील पाच मेंढ्यांचे शिल्प झाले, चेन घराण्याच्या पूर्वजगृहाच्या छपरावरील रंगीत मूर्तींची शेकडो छायाचित्रे झाली.

गटात पाच-सहा मुले जैन घरांतील होती. त्यांच्या आयांची चिंता अर्थातच भोजनाची होती आणि पिशव्यांत खाकरे, ठेपले, सुकी भेळ काठोकाठ भरलेली होती. प्रत्यक्षात पहिला सुखद धक्का एका बौद्ध शाकाहारी भोजनालयात बसला. चिनी बौद्ध भिक्षूंच्या आहारात कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात, हे मुलांना ठाऊक नव्हते. आनंद मात्र फार टिकला नाही. दुसऱ्याच ताटात कमळाचे कंद आले, तिसऱ्यात अळकुड्या. शेवटी टोफू, भात आणि हिरवी पालेभाजी यांवर तडजोड झाली. सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होई. त्यामुळे बाकीचे नदीवरील नौकाविहाराच्या रांगेत उभे असताना ही मुले काठावरच्या बाकावर बसून ठेपले संपवत. त्यांची कोणी थट्टा केली नाही. उलट ठेप्यांना वाटेकरी वाढले.

तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंनी गटाला तेरा हाँगांच्या संग्रहालयात नेले. हाँग म्हणजे पेढी. 1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये याच एका बंदरात व्यापाराची मुभा होती, आणि तीही नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. शहराच्या तटाच्या आत प्रवेश नाही, कुटुंब सोबत आणण्यास बंदी, हंगाम संपला की मुक्काम हलवायचा. प्रत्येक परदेशी जहाजासाठी एका चिनी पेढीने जामीन राहायचे असा नियम होता. या पेढ्यांचा प्रमुख वू बिंगजियान, परदेशी लोकांच्या तोंडचा हौक्वा, याची गणना त्या काळच्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांत होत असे. एका अमेरिकन कर्जदाराला मायदेशी परतता यावे म्हणून त्याने 72,000 डॉलरची हुंडी त्याच्यासमोर फाडून टाकली, अशी कथा आजही सांगतात. ज्यांच्या घरी हुंडीचे व्यवहार झाले, अशा घरांतील मुलांना ती सर्वाधिक आवडली.

महिन्यातून तीन दिवस या परदेशी व्यापाऱ्यांना दुभाष्याच्या सोबतीने नदीपलीकडे फिरावयास जाता येई. तेथील हायच्वांग या बौद्ध विहारात जीवदान दिलेली डुकरे त्यांच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत पोसली जात, आणि पाहुणे ती मुद्दाम पाहण्यास जात. ‘म्हणजे पांजरापोळच!’ एक मुलगी उद्गारली.

त्या एका शब्दाने पुढील संभाषणाची दिशा बदलली. मुंबईची पांजरापोळ 1834 मध्ये स्थापन झाली ती सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने. गटासोबत आलेले इतिहासाचे प्राध्यापक क्षणभर थांबून म्हणाले, ‘त्या दोघांचा मालही याच नदीत उतरत असे. कापूस, आणि अफूसुद्धा.’

मुले गप्प झाली. मोतीशा शेठांचे नाव त्यांनी ऐकले होते ते भायखळ्याच्या आदिनाथ मंदिराचे निर्माते म्हणून, शत्रुंजयावर दोन शिखरांमधील दरी भरून टूंक उभारणारे म्हणून. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि मुंबईच्या अनेक नामांकित पेढ्यांची भरभराट तिच्यावर झाली, हे पाठशाळेत कोणी सांगितले नव्हते. एका मुलाला मात्र पाठशाळेतलेच दुसरे काही आठवले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते ना, असे त्याने विचारले. प्राध्यापक जैन नव्हते. त्यांनी उत्तर दिले नाही. एवढेच म्हणाले, की त्या काळी आपल्याकडे अफू औषधाच्या डबीत असे आणि पाहुण्याच्या स्वागताच्या वाटीतही असे. समुद्रापलीकडे तिचे काय होते हे मुंबईच्या पेढीवर बसून किती दिसत होते, याचा शोध घ्यावा लागेल. हे म्हणणे खरे आहे. पण अफू आणणे चिनी बादशहाच्या कायद्याने निषिद्ध होते आणि ती चोरट्या मार्गाने उतरवली जाई, हेही तितकेच खरे, आणि ते पेढीवर निश्चितच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशीचा मोकळा वेळ खरेदीसाठी राखलेला होता. मुलांनी तो हुमेनला जाण्यासाठी मागून घेतला. नदीच्या मुखाजवळील या गावी 1839 च्या जूनमध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या सुमारे वीस हजार पेट्या नष्ट केल्या. त्यांत माळव्याच्या अफूच्या पेट्याही होत्या. अफू कुंडांत पाणी, मीठ आणि चुना घालून विरघळवली गेली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडली गेली. हे काम तेवीस दिवस चालले. त्यापूर्वी लिनने समुद्रदेवतेची क्षमा मागितली आणि जलचरांना काही काळ दूर जाण्यास सांगावे अशी प्रार्थना केली. मोतीशा शेठ त्याआधी तीन वर्षे, 1836 मध्ये, निवर्तले होते.

कुंडे आजही जपून ठेवलेली आहेत. कर्मादानांविषयी विचारणाऱ्या मुलाने त्यांचे छायाचित्र काढून आजोबांना पाठवले आणि खाली सर्व हकीकत लिहिली. आजोबा काळबादेवीला चाळीस वर्षे पेढी चालवलेले. एरवी मिनिटाभरात उत्तर देणारे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही आले नाही. मग फोन आला. त्यांनी आधी जेवण झाले का, हे विचारले. नंतर म्हणाले, ‘आपल्या घरातल्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत. तू आलास की काढू. महाजनी लिपी वाचणारा आता मीच उरलो आहे.’

कार्तिकी पौर्णिमेला ते दोघे दरवर्षीप्रमाणे भायखळ्याला दर्शनास गेले. वह्यांचे पहिले गाठोडे त्याच्या आदल्या रात्री सोडून झाले होते.