बर्फातली इयत्ता कोणती?

नाताळ जवळ आला की काश्मीरच्या सहलीच्या बेतात हल्ली एक नवे कलम असते : गुलमर्गला दोन-तीन दिवस जास्त राहू आणि स्कीइंग शिकू. पूर्वी शिकारा, केशर आणि सोनमर्गचे घोडे यांत सहल उरकायची. आता मुले आधीच व्हिडिओ बघून तयार असतात आणि विमानाची तिकिटे निघाली की आईवडील इन्स्ट्रक्टरच्या शोधाला लागतात. तिथे पहिलाच प्रश्न येतो तो लेव्हलचा. बिगिनर, इंटरमीडिएट की अॅडव्हान्स्ड? सगळ्यांचा मिळून एक क्लास की प्रत्येकाचा वेगळा? तासाभराचा की आठवड्याचा? प्रश्न किरकोळ दिसतो. पण सहलीतली मजा आणि सहलीतला धोका, दोन्ही बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरतात.

शिकणाऱ्यांचे कुवतीनुसार गट पाडण्याची पद्धत रुजवली ती ऑस्ट्रियाच्या आर्लबर्ग भागात हान्नेस श्नायडर यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. आधी स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून हळू उतरायचे, म्हणजे स्नोप्लाऊ. मग तसेच वळायला शिकायचे. ते अंगात मुरल्यावर हळूहळू दोन्ही स्की समांतर आणायच्या. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीवर पाय नाही. आल्प्समधल्या शाळा आजही मोटामोटी याच वाटेने जातात. फ्रान्समध्ये तर लहान मुलांना ‘पिऊ-पिऊ’ या बिल्ल्यापासून सुरुवात करून एक-एक तारा मिळवत वर चढावे लागते. उतारांनाही रंग दिलेले असतात : हिरवा, निळा, लाल, काळा. निळ्यावर डगमगणारा माणूस लाल पाटी दिसली की आपणहून थांबतो.

गुलमर्गमध्ये या जिन्याच्या मधल्या पायऱ्या फार थोड्या आहेत. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, खालच्या भागात नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो सुमारे ३,१०० मीटरवरच्या कोंगडोरीला नेतो आणि तिथून थोडेफार जमणाऱ्याला उतरता येते. २००५ चा दुसरा टप्पा थेट अफरवट पर्वताच्या अंगावर, चार हजार मीटरच्या जवळ, नेऊन सोडतो. तिथला बहुतेक उतार यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो. तो ताज्या, खोल बर्फाचा डोंगर आहे आणि त्याच्याचसाठी जगभरातले कसलेले स्कीपटू तिथे येतात. तिकीट मात्र पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळते. आल्प्समध्ये निदान रंगीत पाट्या थोडाफार आवर घालतात. गुलमर्गमध्ये तो आवर आपला आपण घालायचा, म्हणून लेव्हलचे उत्तर इथे अधिक प्रामाणिकपणे द्यावे लागते.

हा प्रामाणिकपणा भाड्याच्या दुकानात अगदी यांत्रिक अर्थाने कामाला येतो. बूट आणि स्की यांना जोडणारे बाइंडिंग पडताना ठरावीक जोर आला की सुटते आणि गुडघा वाचतो. तो जोर किती, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपण कशा प्रकारचे स्कीअर आहोत, म्हणजे जपून जाणारे, मध्यम की वेगाने जाणारे, यावरून ठरवतात. बढाई मारून वरचा प्रकार सांगितला तर बाइंडिंग घट्ट बसते. मग हळू वेगात, वेडेवाकडे पडताना ते सुटत नाही. नवशिक्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध दुखावतात ते बहुधा अशाच पडण्यात. उलट, चांगले येत असूनही संकोचाने खालचा प्रकार सांगितला तर भर वळणात स्की पायातून निघून जाऊ शकते. म्हणजे खोटा मोठेपणा धोक्याचा आणि खोटी नम्रताही. दुकानदाराने वजन न विचारताच स्की हातात दिली तर आपण होऊन ते सांगावे आणि बाइंडिंग त्यानुसार लावून घ्यावे. हेल्मेटही तिथेच घ्यावे. मिळत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

मराठी घरात या दोन्ही वृत्तींची माणसे असतात. दहा वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या टूरमध्ये दोन दिवस स्कीवर उभे राहिलेले काका स्वतःला इंटरमीडिएट म्हणवतात. काकू ‘मला मेलीला काय जमणार’ म्हणत मागे राहतात. इन्स्ट्रक्टरचे सांगणे अक्षरशः पाळणाऱ्या बहुधा त्याच असतात आणि दुसऱ्या दिवशी काकांपेक्षा नीट वळतात. ‘किती वेळा केले आहे’ हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. ठरवलेल्या जागी थांबता येते का, डावीकडे आणि उजवीकडे सारखेच वळता येते का, लिफ्टवर न धडपडता चढता-उतरता येते का, एवढेच पाहावे. तिन्हींना ठाम ‘हो’ नसेल तर माणूस बिगिनर. मधे दोन-चार हिवाळे गेले असतील तर मोठ्यांनी एक पायरी खाली उतरूनच सुरुवात करावी. जमत असेल तर इन्स्ट्रक्टर तासाभरात वर ढकलतो. खाली उतरायला सांगण्याचा प्रसंग मात्र त्यालाही अवघड जातो आणि आपल्यालाही.

दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा मामला थोडा वेगळा आहे. तिथे २००५ पासून मॉलमधल्या छताखाली बर्फ आहे, रीतसर लेव्हलचे क्लास आहेत आणि सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटरचा आहे. तिथे शिकलेली मुले खरेच छान वळतात. पण तो बर्फ एकसारखा दाबलेला असतो. तिथे धुके नसते, वारा नसतो, पायाखाली गुडघाभर भुसभुशीत थर नसतो. त्या लेव्हलचा कागद कोंगडोरीपर्यंत चालेल, पुढे नाही.

आता एकत्र की वेगळे? एकत्र शिकण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सहल मुळात एकत्र राहण्यासाठी असते, चौघांना मिळून एक इन्स्ट्रक्टर स्वस्त पडतो आणि लहानग्याला आई समोर दिसली की धीर येतो. काश्मिरी इन्स्ट्रक्टरशी हिंदीत बोलता येते, त्यामुळे आजोबांनाही काय चालले आहे ते कळते. आल्प्समध्ये ही सोय नाही. तरीही मला वाटते, सकाळचा क्लास वेगवेगळाच असावा. एकत्र क्लास सगळ्यांत हळू माणसाच्या चालीने चालतो आणि सगळ्यांत हळू माणूस सहसा बाबा असतात. मुले बघून बघून शिकतात, मोठे समजून घेऊन शिकतात, आणि दोघांना एकाच वेळी शिकवणारा दोघांनाही अर्धेच शिकवतो. त्यात घरचे लोक एकमेकांना सूचना देऊ लागले की नवऱ्याने बायकोला गाडी शिकवण्याचा प्रकार होतो : रस्ता राहतो बाजूला आणि भांडण शिकून दोघे घरी येतात. दुपारी मात्र सगळ्यांनी एकाच सोप्या उतारावर यावे. अपवाद पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचा. त्यांना क्लास कमी आणि बर्फात लोळणे जास्त असू द्यावे. बोटे गारठली की त्यांचे शिकणे संपते, मग पैसे कितीही भरलेले असोत.

इन्स्ट्रक्टर निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या खोऱ्यातली मुले पायात स्की घालूनच वाढतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता तो इथलाच, आरिफ खान. पण उत्तम स्कीइंग करणे आणि घाबरलेल्या पन्नाशीच्या बाईला स्नोप्लाऊ शिकवणे हे दोन वेगळे गुण आहेत. आपल्याला दुसरा हवा आहे, तेव्हा ‘मी तुम्हाला वर घेऊन जातो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आधी थांबून दाखवा’ म्हणणारा बरा.

मुदतीचा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. नीट शिकायचे तर मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे. गुलमर्गलाही केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे. अशा संस्थांत बेसिकपासून वर जाणारे निवासी कोर्स असतात, काही दोन-दोन आठवड्यांचे. शिस्त कडक आणि शिकणे पक्के. उत्तराखंडातल्या औलीलाही सात आणि चौदा दिवसांच्या कोर्सची परंपरा आहे. मात्र २०२३ च्या जानेवारीत पायथ्याचे जोशीमठ खचू लागल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला, हे औलीचा बेत करताना विसरू नये. पण आजी आणि सहा वर्षांचा नातू घेऊन निघालेल्या कुटुंबाला हे कोर्स कसे बसावेत? शिवाय बर्फाचा भर जानेवारी-फेब्रुवारीत आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. फेब्रुवारीत दहावी-बारावीचे घर हलतच नाही. घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला एकटीलाच पुढच्या हिवाळ्यात कोर्सला पाठवणे हे सगळ्यांनी मिळून तीन दिवस धडपडण्यापेक्षा शहाणपणाचे.

दुसऱ्या टोकाला तासाभराचा सौदा. गमबूट काढायचे, स्की चढवायच्या, कुणीतरी दंड धरून शंभर पावले ढकलत न्यायचे, फोटो काढायचा. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पाच दिवसांच्या सहलीत अनेकांना तेवढेच हवे असते. फक्त तो क्लास समजू नये आणि त्याच्या जोरावर पुढच्या वेळी फॉर्मवर इंटरमीडिएट लिहू नये. या दोहोंच्या मध्ये सलग तीन दिवसांचे अर्धे-अर्धे दिवस बहुतेक कुटुंबांना मानवतात. पहिला दिवस हलकाच हवा, कारण मुंबईहून किंवा पुण्याहून आलेल्या माणसाला त्या उंचीवर बूट घालून चार पावले टाकतानाच धाप लागते.

नाताळात जाणाऱ्यांनी वरच्या लेव्हलचे पैसे आगाऊ भरूच नयेत. चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला कुठे सुरू होतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. बर्फ पातळ असला तर खालचा नवशिक्यांचा उतारच काय तो हाती लागतो.

राहता राहिला घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. तिसऱ्या दिवशी त्याला खरेच जमू लागते आणि तो अफरवटचा हट्ट धरतो. त्याची बाजू अगदीच खोटी नाही. त्या वयात शरीर पटकन शिकते आणि सोप्या उतारावर रेंगाळून उत्साह मरतो. त्याला इन्स्ट्रक्टरबरोबर कोंगडोरीला जरूर सोडावे, तिथे दिवसभर उतरू द्यावे. त्याहून वर मात्र जाऊ देऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफरवटच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला. ज्यांना असा बर्फ वाचता येतो त्यांचीही तिथे कसोटी लागते. तो रुसेल, रुसू द्यावे. हवे तर सगळ्यांनी केबिनमधून वर जावे, डोंगररांगा पाहाव्या आणि केबिननेच खाली यावे. गोंडोलाची तिकिटे ऑनलाइन निघतात आणि गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात. दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढतानाच, त्या दिवशी स्की खोलीवर राहतील, एवढे घरातून निघण्याआधी ठरवून ठेवावे.