नवऱ्याचं पुस्तक, बायकोचं पुस्तक



“हल्ली काय वाचतेस?” असं आमच्या शाळेतल्या बाई मला नेहमी विचारतात. नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, “कसं आहे?” इथे मात्र आपण बायका बिचकतो. लेखक नावाजलेला असला की “छानच आहे” म्हणून मोकळ्या होतो. भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय पाव किलो न घेणाऱ्या आपण, पुस्तकाच्या बाबतीत इतक्या भिडस्त का बरं? म्हणून या खेपेला जे वाटलं ते स्पष्ट लिहिते आहे. न पटलं तर खुशाल कळवा.

यंदा पावसाळ्यात मी पुस्तकं जोडीने वाचली. एकाच घरातली दोन: एक नवऱ्याचं, एक बायकोचं. वाचनालयात ती शेजारी सापडत नाहीत. कविता एका कपाटात, विनोद दुसऱ्या आणि आत्मचरित्रं भलतीकडेच. आपणच शोधून ती एकत्र आणायची.

पहिलं घर आमच्या गिरणगावातलं. कवी नारायण सुर्वे यांना तान्हेपणी कुणीतरी टाकून दिलं होतं. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी आणलं आणि वाढवलं. पुढे ते गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि नंतर शिक्षकही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ सालचा संग्रह, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चा. कवितेची भीती वाटते म्हणणाऱ्या मैत्रिणींनी इथूनच सुरुवात करावी. शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले, आणि कष्टकरी बाई त्यांत मानाने येते. मात्र सगळ्याच कविता मला भावल्या नाहीत. काही ठिकाणी आपण सभेत बसून भाषण ऐकतो आहोत असं वाटतं.

त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंचं पुस्तक ‘मास्तरांची सावली’. शेजारीण दारात टेकून बोलावी तसं सांगणं आहे. घटना मागेपुढे होतात, पण कंटाळा येत नाही. कवितेमागे एक घर होतं आणि ते कुणीतरी रोज उभं ठेवत होतं, हे इथे कळतं. तक्रार एवढीच, की पुस्तकाचं नाव मला वाचून झाल्यावरही पटलं नाही. एवढं करूनसवरून सावलीच का म्हणवून घ्यायचं?

दुसरं घर सगळ्यांच्या ओळखीचं. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची. आम्ही लालबागला चाळीतच राहतो, तेव्हा यातलं बरंचसं आम्हाला पाठ. ‘उपास’ मोठ्याने वाचला की मुलं अजून हसून लोळतात. तरी खरं सांगते, या वेळी वाचताना एक गोष्ट खटकली. चाळीतले पुरुष मंडळं काढतात, वाद घालतात, प्रवासाला निघतात. तेवढ्या वेळात भात कोण शिजवतं ते फारसं दिसत नाही. विनोदी पुस्तकाकडून तेवढी अपेक्षा करू नये, हे मलाही मान्य आहे. पण एकदा खटकलं की खटकलं! शेवटचं ‘चिंतन’ मात्र वाचाच. आमच्या आजूबाजूला चाळी जाऊन टॉवर उभे राहतात, तेव्हा ती पानं अगदी आतवर लागतात.

सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ आलं १९९० साली, म्हणजे पु. ल. हयात असताना. ही बाई लग्नाआधी १९४२ च्या चळवळीत उतरलेली, चांगली करारी. लाडक्या लेखकाबद्दल त्याच्या बायकोने असं लिहावं का, म्हणून तेव्हा पुष्कळांना ते रुचलं नव्हतं. माझं मत विचाराल तर पुस्तक सोपं नाही. काही मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, आणि मध्ये मध्ये त्या वाचणाऱ्यावरही रागावल्या आहेत की काय असं वाटतं. पण नवऱ्याच्या गुणांचं कौतुक आणि त्याच्या बेफिकिरीचा हिशेब, दोन्ही एकाच हाताने लिहिणं ही काही साधी गोष्ट नाही. आपण माहेरी गेल्यावर एक तर नुसतं कौतुक सांगतो, नाहीतर नुसती गाऱ्हाणी. दोन्ही एका दमात सांगायला जमत नाही, ते त्यांना जमलं आहे.

तिसरं घर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. त्यांच्या कवितांबद्दल आदर ठेवूनही सांगते, आज मला त्या फिक्या वाटल्या, शाळेच्या पुस्तकातच शोभाव्यात अशा. आणि लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’? ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं, पण मागच्या आठवड्यात लिहिलं असावं इतकं ताजं! टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी त्यांच्या बायकोवर कशी कोसळली असेल, कल्पना करा. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे १९०० साली त्यांनीही तोच धर्म स्वीकारला, पण स्वतःचा विचार करून. एवढं दुःख सांगताना ही बाई आपल्याला हसवते. स्वतःच्या वेंधळेपणाला हसते, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणालाही हसते. शाळेत न गेलेल्या बाईचं मराठी असं असेल, तर आम्ही बी. ए. होऊन काय मिळवलं असा प्रश्न पडतो.

“बाईचं दुःख बाईनेच लिहावं, असं तुझं म्हणणं का?” असं आमच्या ह्यांनी विचारलंच. तसं मुळीच नाही. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे १९९७ सालचं नाटक वाचा. त्यावरून २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपटही निघाला. गिरणी संपानंतर फरफट झालेलं धुरी कुटुंब, वाट चुकलेली मुलं, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी आई. पुरुषाने लिहिलेली ही आई मला आमच्या मजल्यावर रोज भेटते. चित्रपट मला भडक वाटला. नाटक वाचताना जास्त कळलं.

आणि सगळंच जड वाचायचं असंही नाही हं! मधूनच बाबुराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ वाचावा. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थांचा शेवट मला बऱ्याचदा आधीच कळतो. पण कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत चार पानं सहज निघतात, हा काय कमी फायदा?

आता या जोड्या वाचून काय झालं ते सांगते. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात कशी झाली ठाऊक आहे ना? मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी लिहून मागितल्या. विचारलं म्हणून त्या लिहित्या झाल्या. आमच्या घरी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या गोष्टी सासऱ्यांनी कितीदा तरी सांगितल्या आहेत: अडीच लाख कामगार, डॉक्टर सामंतांच्या सभा, सगळं. सासूबाई तेव्हा खाणावळ चालवायच्या. गिरणगावात अशा कितीतरी जणी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी. पण सासूबाईंना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, “त्या वर्षी घर कसं चाललं हो?” मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “चाललं नाही गं. चालवलं.”

दुसऱ्या दिवशी मी दोनशेपानी वही आणली. गुरुवारी माझी शाळा नसते. दुपारी त्या सांगतात, मी लिहिते. जेवणाऱ्यांनी थकवलेले पैसे, गहाण पडलेली पाटली, परत न सुटलेली मोहनमाळ, सगळे आकडे त्यांना तोंडपाठ आहेत. सासरे आधी “त्यात काय लिहायचंय?” म्हणाले. आता शेजारी बसून ऐकतात. परवा त्यांनी हळूच विचारलं, “पाटली कधी ठेवली होतीस गहाण?”

चाळीस वर्षं उलटून गेली आणि एकाच खोलीत राहणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं!

तुमच्याही घरात अशी न लिहिलेली पुस्तकं असतील. आई असेल, सासू असेल, एखादी आत्या. दुपारची कामं आवरली की जवळ बसा आणि विचारा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ती लक्ष्मीबाईंनी कुठे केली होती? आणि यंदा काय वाचलंत, काय आवडलं नाही, तेही मोकळेपणी लिहून पाठवा. पुढच्या खेपेला पाककृतींच्या पुस्तकांबद्दल बोलायचा विचार आहे. तिथे तर तुम्ही मला बोलूच देणार नाही!