ग्लासमनची हुर्यो

फ्रान्सच्या फुटबॉलमधील १९९३ सालच्या लाचखोरीचा विषय निघाला की सारी चर्चा बेर्नार तापी या धनिकाभोवती घोटाळत राहते. डाव्या विचारांच्या माणसांनी ज्याची आठवण ठेवायला हवी, तो मनुष्य वेगळा आहे. झाक ग्लासमन हे त्याचे नाव.

२० मे १९९३ रोजी तापीच्या मार्सेय क्लबचा सामना वालेंसिएन या दुबळ्या संघाशी होता. सहाच दिवसांनी म्युनिक येथे मार्सेयची गाठ मिलानशी पडायची होती आणि युरोपचे विजेतेपद पणाला लागलेले होते. आपले खेळाडू त्याआधी जायबंदी होऊ नयेत आणि लीगचे गुणही हातचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी मार्सेयच्याच एका खेळाडूमार्फत वालेंसिएनच्या तिघांना पैसे देऊ करण्यात आले. त्यांत १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा विजयी गोल करणारा बुरुचागाही होता. ग्लासमनने पैसे नाकारले, आणि तेवढ्यावर न थांबता ही गोष्ट आपल्या प्रशिक्षकाला सांगितली. मार्सेयने तो सामना १–० असा जिंकला, म्युनिकचाही त्याच फरकाने जिंकला. पुढे जूनमध्ये लाच घेणाऱ्या एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक तपास अधिकाऱ्यांनी उकरून काढले.

म्युनिकच्या त्या विजयाने प्रस्तुत लेखकालाही आनंद झाला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. मिलान हा बेर्लुस्कोनीच्या पैशावर पोसलेला संघ. मार्सेय हे गोदी कामगारांचे व स्थलांतरितांचे बंदर. तेव्हा आपली बाजू कोणती, याविषयी मनात संदेह नव्हता. परंतु बुडीत कारखाने कवडीमोलाने विकत घेऊन धनवान झालेल्या तापीचा पैसा बेर्लुस्कोनीच्या पैशाहून निराळा कसा, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकवणाऱ्याच्याही मनात आला नाही. शिवाय तापी हा मार्च १९९३ पर्यंत मितेराँच्या समाजवादी राजवटीत मंत्री होता. त्याला मंत्रिपद देणाऱ्यांनाही तो प्रश्न पडलेला दिसत नाही.

व्यावसायिक खेळात विकला जाणारा खरा माल म्हणजे निकालाची अनिश्चितता. प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो ते तिच्यासाठी. येथे मालकाने आपलाच माल चोरला आणि त्याची पूर्ण किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल केली. लाच घेणारेही अखेर मजुरी करणारेच होते. वालेंसिएनचा संघ दुय्यम श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता, आणि खेळाडूची कमाईची वर्षे किती थोडी असतात हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी माणूस स्वस्तात मिळतो. मात्र ग्लासमनची नोकरीही तितकीच अस्थिर होती, हे विसरून त्या दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आणि प्रेक्षकांनी काय केले? मैदानोमैदानी त्यांनी ग्लासमनची हुर्यो उडवली. जागतिक फुटबॉल महासंघाने १९९५ मध्ये त्याच्या सचोटीचा गौरव केला. स्टेडियमच्या पायऱ्यांवरून तो कधी झाला नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आपले म्हणावे असे फार थोडे उरलेले असते, त्यांत संघाचे विजेतेपद एक. ते मलिन करणाऱ्यापेक्षा ते मलिन झाल्याचे सांगणारा त्याला अधिक परका वाटतो. मार्सेयचे लीग विजेतेपद काढून घेण्यात आले, १९९४ मध्ये संघाला दुय्यम श्रेणीत उतरवण्यात आले. तरी त्याच वर्षी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तापीच्या यादीला बारा टक्के मते पडली. १९९७ मध्ये तो तुरुंगात गेला. २०२१ मध्ये तो वारला तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्याची शवपेटी मार्सेयच्या स्टेडियममध्येच ठेवण्यात आली होती, आणि हजारो माणसे रांगेत उभी होती.

म्युनिकचा चषक मार्सेयकडून कोणी काढून घेतला नाही. त्या सामन्याच्या वृत्ताचे कात्रण माझ्या जुन्या वहीत अजून चिकटवलेले आहे. ग्लासमनविषयीचे एकही कात्रण त्या वहीत नाही.