ड्रमवरचे सत्य आणि रस्त्यावरचे

सन १८८७ मधली गोष्ट. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा एक पशुवैद्य राहत होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल फरसबंद वाटेवरून खडखडत जात असे. त्यावर उपाय म्हणून डनलॉपने लाकडाच्या एका चकतीभोवती रबराची पातळ नळी बसवली, तिच्यावर कापड ताणून ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग त्याने अंगणात दोन चाके घरंगळत सोडली. एक तीनचाकीचे जुने, भरीव रबराचे. दुसरे हे हवेचे. भरीव चाक अर्ध्या वाटेतच डगमगून आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून समोरच्या फाटकावर आपटले आणि उसळून मागे आले. दोनच वर्षांनी विली ह्यूम या शर्यतपटूने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरवर शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले.

सायकलच्या टायरची ही पहिली नामांकित चाचणी. साधी, पण शास्त्रशुद्ध. दोन्ही चाके एकाच अंगणात, एकाच हाताने सोडलेली. आणि अंगणही ज्या प्रकारच्या जमिनीवर चाक चालायचे तसेच. आज शर्यतीच्या सायकलचा उत्तम टायर आपल्याकडे पाच-सहा हजार रुपयांना, कधी त्याहूनही महाग मिळतो आणि त्याच्या वेष्टनावर आकड्यांची रांगोळी असते. ते आकडे कोणत्या अंगणात काढले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. तेच विचारण्यासाठी हा लेखप्रपंच.

टायरची चाचणी बहुधा पोलादी ड्रमवर घेतात. मोटरने फिरणाऱ्या ड्रमवर चाक टेकवायचे, त्यावर ठरावीक वजन ठेवायचे आणि चाक फिरते ठेवायला किती वॅट खर्च होतात ते मोजायचे. नेदरलँड्समधील जार्नो बिअरमन हे २०१४ पासून अशा चाचण्यांचे निकाल सातत्याने प्रसिद्ध करीत आले आहेत. त्यांचा ड्रम ७७ सेंटिमीटर व्यासाचा, चाकावरचे वजन साडेबेचाळीस किलो, वेग ताशी सुमारे २९ किलोमीटर आणि खोलीचे तापमान २२ अंशांच्या आसपास. या सर्व गोष्टी ते उघड सांगतात, ही मोठी प्रामाणिकपणाची बाब. अशा मोजणीत शर्यतीचा उत्तम टायर दहा-बारा वॅट खातो, तर सरावाचा जाडजूड टायर वीसच्या घरात जातो.

हे वॅट जातात कुठे? टायर जमिनीला टेकतो तिथे तो दबतो आणि पुढे सरकताच पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सगळी शक्ती रबर परत करीत नाही. थोडी उष्णता होऊन उडून जाते. म्हणून ज्याचे आतले कापड तलम आणि रबर पातळ, तो टायर हलका धावतो. उंची टायरमध्ये इंचाला तीनशेहून अधिक धाग्यांचे सुती कापड असते ते यासाठी. येथेही ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत. काही वेष्टनांवर ३३० धागे छापलेले असतात, पण ती ११० धाग्यांच्या तीन थरांची बेरीज असते. छापणारा खोटे बोलत नाही, पण वाचणारा फसतो.

आता या बचतीची किंमत काय, याचा ढोबळ हिशोब करू. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी ३० किलोमीटर. चांगल्या आणि साधारण टायरच्या जोडीत चौदा-पंधरा वॅटचा फरक पडला, तर शंभर किलोमीटरच्या सपाट प्रवासात सुमारे सात मिनिटे वाचतात. शर्यतपटूला सात मिनिटे म्हणजे सर्वस्व. पण रस्त्याकडेला बसून ट्यूब बदलायला दहा मिनिटे सहज लागतात. म्हणजे तलम टायरने दिवसभरात जे कमावले ते एका काचेच्या तुकड्याने व्याजासकट वसूल केले! ड्रमवर काच नसते, खिळा नसतो आणि बाभळीचा काटाही नसतो.

ड्रमची याहून मोठी उणीव वेगळीच आहे. त्याच्यावर जितकी हवा जास्त भरावी तितका विरोध कमी दिसतो. याच पुराव्यावर सायकलजगताने कित्येक दशके काढली. १९९० च्या दशकातले शर्यतपटू वीस ते तेवीस मिलिमीटर रुंदीचे टायर वापरीत आणि त्यांत १२०-१३० पौंड हवा ठासून भरीत. टायर दगडासारखा टणक वाटला की गडी खूश. हाताला मुंग्या आल्या, कंबर धरली, तर ती वेगाची किंमत मानायची. आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही हेच व्रत निष्ठेने पाळले.

चूक मोजणीत नव्हती. ड्रमवरचे वजन निर्जीव असते, ही खरी अडचण. रस्त्यावर त्या वजनाच्या जागी माणूस असतो. टणक टायर खडबडीत डांबरावरून जाताना दबत नाही, उडतो. आणि प्रत्येक उडीबरोबर सायकल व स्वार दोघेही किंचित वर उचलले जातात. हादरे स्वाराच्या स्नायूंत जिरतात आणि तिथे जिरलेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. म्हणजे एका मर्यादेनंतर हवा वाढवली की टायरमधला तोटा थोडा कमी होतो आणि देहातला तोटा पुष्कळ वाढतो. चाचणीच्या खोलीत देहच नसल्याने हा दुसरा तोटा कोणाच्या वहीत लिहिलाच गेला नाही.

तो वहीत आणण्याचे बरेचसे श्रेय अमेरिकेतील सिएटलच्या 'बायसिकल क्वार्टरली' या छोट्या नियतकालिकाला द्यावे लागते. २००६ च्या सुमारास त्याचे संपादक जान हाइने यांनी खऱ्या रस्त्याच्या उतारावर, खऱ्या स्वारासह टायर सोडून पाहिले. पुढे महामार्गाच्या कडेला चालकाला जागे करण्यासाठी ज्या खाचा असतात, त्यांवरूनही सायकल चालवून खर्च होणारी शक्ती मोजली. रुंद टायर कमी हवेवरही मागे पडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष त्या वेळी अनेकांना चेष्टेचा वाटला. हाइने यांनी पुढे स्वतःच रुंद टायर विकायला सुरुवात केली, हेही नोंदवले पाहिजे. परीक्षकच दुकानदार झाला की निकाल दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. तो तपासला गेला आणि टिकला. आज टूर द फ्रान्समधले शर्यतपटू २८ ते ३० मिलिमीटरचे टायर वापरतात आणि हवा जुन्या मानाने जवळजवळ निम्मी भरतात.

फ्रान्समधली पॅरिस-रुबे ही १८९६ पासूनची शर्यत म्हणजे टायरची जाहीर परीक्षाच. अडीचशेहून अधिक किलोमीटरपैकी पन्नासहून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसाचे. शर्यतीपूर्वी संघ तिथे जाऊन टायर आणि हवेचा दाब पारखून घेतात. २०२४ साली मॅथ्यू व्हान डेर पूलने ती ताशी ४७.८ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. तोपर्यंत या शर्यतीत इतका वेग कोणी गाठला नव्हता आणि टायर तर पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद होते. पण आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याच्या बरोबरीने लढणारा वूट व्हान आर्ट शेवटच्या टप्प्यात पंक्चर होऊन मागे पडला, हेही विसरू नये. जगातले उत्तम टायर, उत्तम कारागीर, आणि निकाल ठरवला एका पंक्चरने.

हे सर्व दूरदेशीचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. आज पुणे, नाशिक, नागपूर, मुंबईत रविवारी पहाटे शे-दोनशे किलोमीटर तुडवणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्यांतल्या अनेकांच्या सायकलला परदेशी उंची टायर असतात, आणि ते वापरताना चाचणीचे अर्धेच ज्ञान हाताशी असते. हे अर्धे ज्ञान प्रसंगी जिवावर बेतू शकते.

उदाहरणार्थ, हल्ली ज्यांच्या काठाला टायर अडकवणारी आतली कड नसते, अशा रिम आल्या आहेत. त्यांच्यासाठी हवेची कमाल मर्यादा पाच बार, म्हणजे सुमारे ७२ पौंड आहे. त्याहून जास्त हवा भरल्यास टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. २०२४ च्या यूएई टूर शर्यतीत थॉमस डी गेंट या बेल्जियन शर्यतपटूचा पुढचा टायर अशा रिमवरून निघून तो पडला. कारणांबद्दल मतभेद झाले, पण व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेने या रिमबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. आपल्याकडे मात्र 'रेसिंगची आहे, शंभर भर' हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. घाटाच्या उतारावर ताशी साठच्या वेगात हे वाक्य फार महाग पडेल.

तीच गोष्ट ओल्या रस्त्याची. जूनमधल्या पहिल्या सरीनंतर डांबरावर तेल आणि धूळ यांचा जो चिखल होतो, त्यावर टायर किती धरतो हे आपल्या स्वाराला वॅटपेक्षा आधी कळायला हवे. युरोपात मोटारींच्या टायरवर २०१२ पासून इंधनबचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांची पट्टी लावावी लागते. सायकलच्या टायरला ही सक्ती नाही. ज्याच्याभोवती पत्र्याचे कवच आहे त्याला पकड सांगायची आणि ज्याच्या अंगावर नुसता सदरा आहे त्याला सांगायची नाही, हा न्याय अजब म्हणावा लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. टायर विकणाऱ्याने वेष्टनावर एकच चमकदार आकडा न छापता तो कोणत्या वजनाला, दाबाला, वेगाला आणि तापमानाला काढला ते छापावे; त्याच्या शेजारी ओल्या रस्त्यावरची पकड आणि काट्याला तोंड देण्याची ताकद यांचेही आकडे द्यावेत. शिवाय आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावे. एक ड्रम, एक मोटर आणि काही मोजमापाची साधने, एवढ्यावर ते सुरू होते. बावीस अंशांच्या खोलीतला निकाल विदर्भातल्या मे महिन्यात कितपत टिकतो, हे नेदरलँड्समधला माणूस आपल्याला सांगणार नाही. ते आपणच शोधायचे.

तोवर वाचकाने स्वतःच परीक्षक व्हावे. वारा पडलेल्या पहाटे रहदारी नसलेला, पुढे सपाट होत जाणारा सौम्य उतार निवडावा. ठरलेल्या खुणेपासून पेडल न मारता सायकल सोडावी आणि ती कुठे थांबते तिथे खडूने रेघ मारावी. कपडे तेच, बसण्याची ढब तीच. आधी नेहमीची हवा, मग दहा पौंड कमी, मग पुन्हा नेहमीची. पहिली आणि तिसरी रेघ जवळजवळ आली तरच मधल्या रेघेवर विश्वास ठेवावा. नाहीतर वाऱ्याने दगा दिला असे समजून पुन्हा मोजावे. नेहमीच्या रस्त्याच्या डांबरावर आणि स्वतःच्या वजनाखाली निघालेला तो आकडा फक्त तुमचा असेल, पण तुमच्या उपयोगाचा असेल. बेलफास्टच्या पशुवैद्यानेही आपल्या मुलाच्या सायकलसाठी आपल्याच अंगणात चाक सोडून पाहिले होते.