साकव, बंधारा आणि सत्ता

आपल्याकडे विकासाची मोजदाद कोटींच्या आकड्यांत करण्याची रीत पडली आहे. महामार्ग किती पदरी, धरण किती उंच, प्रकल्पाची सुधारित किंमत मूळ किमतीच्या किती पट, याच्या चर्चेत विधिमंडळाचे दिवस जातात आणि वृत्तपत्रांचे रकाने भरतात. ओढ्यावरचा साकव, वाडीची विहीर, मातीचा नालाबांध किंवा शाळेपर्यंतचा पाणंद रस्ता यांना या चर्चेत जागा नसते. असलीच तर उद्घाटनाच्या छायाचित्रापुरती. ग्रामीण माणसाचा दिवस सुखाने जाणार की हालाखीत, हे मात्र बहुतेक वेळा या बिनमहत्त्वाच्या गोष्टींवरच ठरत असते.

कोकणाचे उदाहरण घ्यावे. कोकण रेल्वे हा समाजवादी चळवळीच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असणे योग्यच आहे. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ही मागणी संसदेत वर्षानुवर्षे लावून धरली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ उभे राहिले आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. डोंगर फोडून, नद्या ओलांडून गाडी मुंबईहून मंगळूरकडे जाऊ लागली. पण त्याच रुळांपासून कोसभर अंतरावरच्या वाडीतील मुलाला पऱ्या दुथडी भरून वाहू लागला की शाळा बुडवावी लागते, आजाऱ्याला डोलीत घालून चार माणसांच्या खांद्यावरून सडकेपर्यंत आणावे लागते, ही स्थिती अनेक ठिकाणी तशीच राहिली. पूर्वी गावकरी माडाचे किंवा पोफळीचे खोड आडवे टाकून दर पावसाळ्याआधी आपला साकव आपणच घालीत. गावातील धडधाकट हात मुंबईस गेले आणि ही सामूहिक रीत क्षीण झाली. तिच्या जागी शासनाचा पक्का साकव यावयास हवा होता. काही वाड्यांत तो आला. पुष्कळ वाड्या अजून अर्जांच्या नकला सांभाळून आहेत. रेल्वे झाली ती चूक झाली, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. रेल्वेसाठी जो आग्रह दिल्लीपर्यंत पोहोचला, तसा आग्रह वाडीच्या साकवासाठी तालुक्याच्या कचेरीपर्यंतदेखील का पोहोचत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

अशा कामांविषयी आपल्या वर्तुळातही एक तुच्छतेची भावना आढळते. जमिनीच्या मालकीचा, भांडवलाच्या केंद्रीकरणाचा प्रश्न तसाच ठेवून गटारे आणि बंधारे बांधीत बसणे म्हणजे रोग्याला मलमपट्टी करणे होय. असली कामे सर्वोदयी संस्थांनी करावीत, समाजवाद्यांनी संघर्ष करावा, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकावयास जहाल वाटतो. इतिहासाला मात्र तो धरून नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेटजी-भटजी आणि सरकारी कामगार यांच्यावर आसूड ओढतानाच, सरकारने आपल्याजवळच्या लष्करी व पोलिसी मनुष्यबळाकडून जागोजागी ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल, अशी सूचना केली होती. ज्या पुरुषाने वर्णवर्चस्वाच्या मुळावर घाव घातला त्याला ताल घालण्याची गोष्ट क्षुल्लक वाटली नाही. डॉ. लोहिया यांनी तर मत आणि तुरुंग यांच्या जोडीने फावडे हे समाजवादी कार्यक्रमाचे तिसरे अंग मानले होते. यांतले मत आपण लक्षात ठेवले, तुरुंगाच्या आठवणी जपल्या. फावडे तेवढे राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांकडे सोपवून मोकळे झालो.

मुळात संघर्ष आणि रचना ही दोन वेगळी कामे आहेत, ही समजूतच महाराष्ट्राच्या अनुभवाने खोटी ठरविली आहे. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर येणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि मे १९७३ मध्ये ती सुमारे ५० लाखांवर पोहोचली. त्यांतील असंख्य माणसांना काम मिळाले ते खडी फोडण्याचे. भर उन्हात फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्यांच्या कडेला पुढे कित्येक वर्षे पडून होते. मजुरी मिळाली, माणसे जगली, पण पुढचा दुष्काळ टाळण्याच्या दृष्टीने त्या घामाचा उपयोग झाला नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमी योजनेचे महत्त्व येथे आहे. मागेल त्याला काम हा तिचा एक पाय, आणि ते काम उत्पादक असावे, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती यांस अग्रक्रम मिळावा, हा दुसरा. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदाराच्या व्यवसायकराचा पैसा माळरानावरच्या मजुराच्या हाती पडू लागला. केंद्राने अशी हमी कायद्याने द्यावयास २००५ साल उजाडावे लागले. ही योजना कोणा मंत्र्याच्या दयाबुद्धीने टिकली नाही. तालुक्या-तालुक्यांत मोर्चे काढणाऱ्या, हजेरीपट तपासणाऱ्या, मोजमापासाठी अधिकाऱ्याला घेराव घालणाऱ्या मजुरांनी, त्यांतही मोठ्या संख्येने स्त्रियांनी, ती जिवंत ठेवली.

या संदर्भात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्याची हकीकत नव्या कार्यकर्त्यांना सांगण्यासारखी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबला तशी माणसे गावाकडे परतली. गावाकडे दुष्काळ होता, आणि रोजगार हमीच्या कामावर पुन्हा तीच खडी. गिरणीत युनियनचे शिक्षण घेतलेल्या या माणसांनी विचारले की, ही खडी आम्ही किती पिढ्या फोडायची? दुष्काळ निवारण नको, निर्मूलन हवे, अशी मागणी घेऊन मुक्ती संघर्ष चळवळ तेथे उभी राहिली. येरळा नदीच्या पात्रातील वाळू कंत्राटदार उपसून नेत होते. वाळू गेली की पात्राची पाणी धरून ठेवण्याची शक्ती जाते, विहिरी आटतात. हे शास्त्र गावकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. बलवडी आणि तांदुळवाडी येथील लोकांनी कंत्राटदारांच्या उपशाला विरोध केला आणि मागितले ते असे की, यांतील थोडीशी वाळू विकण्याचा हक्क आम्हांस द्या, त्या पैशातून आम्ही नदीवर आमचे धरण बांधतो. शासनाने अडवणूक केली, मंजुरीसाठी झगडावे लागले. अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांचे साहाय्य लाभले, मुंबईच्या तरुणांनी श्रमदान केले आणि बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. धरण तसे लहानच. पण त्याच्या पाण्यावर गावातील प्रत्येक कुटुंबाचा हक्क राहील, मग त्या कुटुंबास जमीन असो वा नसो, हे तत्त्व त्या लहान भिंतीने प्रस्थापित केले. शेकडो कोटींच्या धरणांना जे जमले नाही, ते हे.

असाच विचार त्याआधी पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी प्रत्यक्षात आणला होता. १९७२च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेल्या या अभियंता-उद्योजकाने १९७४ साली गावच्या देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड जमीन खंडाने घेऊन तेथे पाणी अडविण्याचा प्रयोग केला व त्यातून पाणी पंचायतीची कल्पना विकसित झाली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल एवढे. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी स्वतः उभा करावयाचा. या नियमांची वर्गीय बाजू ओळखावयास फार विद्वत्ता लागत नाही. ज्या राज्यात उसाच्या फडांनी कालव्यांचे पाणी गिळले, त्या राज्यात माणशी पाणी वाटण्याचा नियम हा मालमत्तेच्या कल्पनेलाच दिलेला धक्का होता. शासनाने या प्रयोगाची तारीफ केली, त्याचा सार्वत्रिक कायदा मात्र केला नाही. ऊसवाल्यांचे राजकीय वजन लक्षात घेता यात आश्चर्य वाटावयास नको.

लहान काम म्हणजे आपोआप न्याय्य काम, अशी भाबडी समजूतही बाळगण्याचे कारण नाही. गावचा पाणवठा लहानच होता. त्या पाणवठ्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. १९७०च्या दशकात बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन गावोगाव हिंडले तेव्हा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. नळयोजना आल्या, तरी टाकी कोणाच्या आळीत, नळाचे शेवटचे टोक कोणत्या वस्तीत आणि दाब कमी झाला की पाणी आधी कोणाचे बंद होते, हे पाहिले म्हणजे जुनी रचना लोखंडी नळातूनही कशी वाहते ते कळते. दोन मैलांवरून हंडा आणण्यात ज्या बाईचे आयुष्य जाते तिचे मत योजनेच्या आखणीत कोणी विचारीत नाही. पाणी आणि शौचालय या स्त्रियांच्या दोन यातना राजकारणाच्या मध्यभागी आणण्याचा आग्रह लोहियांनी धरला तेव्हा अनेक प्रतिष्ठितांना तो हास्यास्पद वाटला होता.

आज या कामांवर नवेच संकट आले आहे. लहान कामांचे महत्त्व राज्यकर्त्यांना पटले आहे, आणि नेमकी तेथेच मेख आहे. मोठ्या धरणांची अब्रू २०१२ साली पुरती गेली. दहा वर्षांत प्रचंड खर्च होऊनही सिंचनक्षेत्रात ०.१ टक्के वाढ, हा राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकडा महाराष्ट्र विसरलेला नाही. मग २०१४ पासून ‘जलयुक्त शिवार’चा डंका वाजू लागला. कामे लहान, पण करावयाची कोणी? मजुरांच्या टोळ्यांऐवजी जेसीबी आणि पोकलेन आले. नाले खोल आणि रुंद करण्याचा सपाटा चालला. माथ्यापासून पायथ्याकडे क्रमाने पाणी अडविण्याचे पाणलोटाचे साधे शास्त्र बाजूला पडले. ९ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाल्यावर भूजलाची पातळी वाढविण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनी २०२० साली नोंदविला. काही गावांना लाभ झाला हे नाकारण्याचे कारण नाही. पण यंत्राच्या तासांवर बिल निघू लागले की गावाचा त्या कामाशी संबंध सुटतो, आणि कंत्राटदाराचा तेवढा घट्ट होतो.

संबंध सुटला म्हणजे काय होते ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपाशी जाऊन पाहावे. पावसाळा सरता सरता बरगे घालावेत, पुढच्या पावसाळ्याआधी काढावेत, एवढीच त्यांची निगा. पण बरगे चोरीस गेलेले, सडलेले, वेळेवर न घातलेले. ऑक्टोबरात अडवावयाचे पाणी डिसेंबरात वाहून गेलेले. आणि त्याच बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक दरसाल मंजूर होत असलेले! याउलट धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत शतकानुशतके चालली, ती कोणत्याही खात्याच्या कृपेने नव्हे. पाटाची साफसफाई लाभधारकांनी करावयाची, पाणी सोडावयास त्यांचाच पाटकरी, टंचाई आली तर ती साऱ्यांनी वाटून घ्यावयाची. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, भूमिहीनाला स्थान नव्हते. तिचे गोडवे गाण्याची आवश्यकता नाही. परंतु बांधणे आणि सांभाळणे हे एकाच हाताने करावयाचे काम आहे, हे तिला ठाऊक होते.

हा हात गावाच्या सामुदायिक सत्तेचा असावा, असे ७३वी घटनादुरुस्ती सांगते. ती १९९३ साली अमलात आली. पण आराखडा वरून छापून येतो आणि ग्रामसभेचा ठराव कोरमच्या सह्या गोळा करून मागाहून लिहिला जातो. २०२२ नंतर तर कित्येक जिल्हा परिषदा व पंचायत समित्या वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेला सदस्य नाही, जाब विचारावयाचा कोणाला? लोहियांच्या चौखंबा राज्याचे दोन खांब असे काढून घेतले गेले, आणि राजधानीत कोणाला फारशी हळहळ वाटली नाही.

तेव्हा येत्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक तालुका शाखेने निदान एका गावातील एक काम हाती धरावे. ते काम कोणी सुचविले, मजुरी किती जणांना मिळाली, यंत्र कोणाचे होते, पाणी कोणाच्या शेतात गेले आणि कोणत्या वस्तीत गेले नाही, याची माहिती अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागवून आणि शिवारात प्रत्यक्ष हिंडून जमवावी. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. सभेत भूमिहीन आणि स्त्रिया हजर नसतील तर सभा त्यांच्या वस्तीत भरविण्याची मागणी करावी. जेथे साकव नाही तेथील मुलांची हजेरी जुलै-ऑगस्टमध्ये किती उतरते, हे शाळेच्या हजेरीपटावरून काढता येते. ते आकडे मोर्चाच्या निवेदनास जोडावेत. आणि काम मंजूर झाले की पहिले फावडे मारावयास मंत्र्याची वाट पाहू नये.