परवाना कोणाचा तपासायचा?

विनाचालक मोटार मराठी कथेत आणायची, तर ती मला मुंबईच्या सागरी सेतूवर नको, पेठ-सांगली रस्त्यावर हवी. जानेवारीची रात्र, गाळप हंगाम जोरात. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, लोंबत्या उसाने रिफ्लेक्टर झाकलेला. मोटार धडकते, आतला प्रवासी दगावतो. खरी कथा पंचनाम्यापासून सुरू होते.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात उबरच्या चाचणी-मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. यंत्राला ती पाच सेकंदांहून आधी दिसली होती. पण समोर वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे त्याचं ठरेना. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. देखरेखीसाठी बसवलेल्या महिलेने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. तिचं लक्ष मोबाइलकडे होतं, हे खरंच. तरीही दोषाचा उतार कुठे होता, ते दिसलं.

आता सांगलीत या. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ चूक कोणाची हे न विचारता मृत्यूसाठी पाच लाख देववतं. तिथवर अडत नाही. जास्त भरपाई हवी, तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. चालकाकडे वैध परवाना नव्हता, हा विमा कंपन्यांचा नेहमीचा बचाव. इथे परवाना कोणाचा मागणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण कैदेत जायला माणूस लागतो. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात ही जबाबदारी आसनावरच्या माणसावरून काढून मान्यताप्राप्त कंपनीकडे वळवली. आपल्याकडे नितीन गडकरींनी २०२३ मध्ये चालकांच्या रोजगारासाठी अशा मोटारी येऊच देणार नाही म्हणून सांगितलं. पण आपोआप ब्रेक दाबणाऱ्या गाड्या बाजारात आल्याच आहेत. निम्मं चालकत्व यंत्राकडे गेलेलं आहे.

म्हणून कथेतला पेच असा : मोटारीकडे क्षणाक्षणाची नोंद आहे, आणि ती कंपनीच्या ताब्यात. ट्रॅक्टरवाल्याकडे फक्त जबानी आहे, आणि दिवा खरोखरच नव्हता. त्याला निष्पाप करून लेखकाने सुटका करून घेऊ नये. त्याच्या चुकीच्या आडून यंत्राची चूक किती सहज निसटते, हे दाखवावं. नोंद उघड करायला कंपनीला कोण भाग पाडणार, ती न्यायाधीशांना कोण समजावून सांगणार, त्या तज्ज्ञाची फी कोण भरणार?

नारळीकरांपासून मराठी विज्ञानकथेने आकाश पुष्कळ धुंडाळलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. विज्ञानकथाकाराने मात्र आता जरूर चढावी, कायदे करणाऱ्यांच्या आधी.