गेम बनवणे हेही कामच

गेमच्या कंपनीत आहे म्हटले की आमच्या संभाजीनगरच्या सिडको वसाहतीतले काका-मावश्या विचारतात, "म्हणजे दिवसभर खेळतोस?" मी पुण्यात लेव्हल डिझायनर आहे. दार कुठे, उजेड किती, खेळणारा कुठे थबकेल हे ठरवतो. मग तेच दार पुन्हा पुन्हा उघडून चुका शोधतो.

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ते योग्यच झाले. पण जुगार आणि ही कला एकाच तागडीत तोलू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' हा पुराणकथांवरचा गेम जगभर पोचवला.

लेव्हल रचायला शिकायचे तर देवगिरी किल्ला पाहावा. खंदक, एकामागून एक दरवाजे, फसवी वळणे आणि डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही अशी अंधारी वाट. शत्रूला थकवणारी ती रचना आमच्या कामाचा पहिला धडा आहे.

राज्याने सप्टेंबर २०२५मध्ये ॲनिमेशन-गेमिंग धोरण मंजूर केले. त्या धोरणाचा पैसा मुंबई-पुण्यातच मुरू नये. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात गेम डिझाइन नीट शिकवा, तिथल्या छोट्या स्टुडिओंना भांडवल द्या. मराठवाड्यातल्या हुशार चित्रकाराला पोटासाठी गाव सोडावे लागू नये, एवढे तरी या धोरणाने साधलेच पाहिजे.